मंचाकडची बाजू

नीळकंठराव पिंपळापुरे कारखान्यात इंजिनियर होते हे खरं, पण ज्या कामासाठी त्यांचं नाव होतं ते काम कुठल्याही इंजिनियरिंग कॉलेजात शिकवत नाहीत. कारखान्यात बडा पाहुणा यायचा असला की त्याच्या नजरेला काय पडेल आणि काय पडणार नाही, हे ठरवणं त्यांच्याकडे असे. दिल्लीहून साहेब निघणार अशी कुणकुण लागताच नीळकंठराव जीप मागवत, पाहुण्याच्या जागी बसत, पाहुण्याच्या मार्गावरून फिरत आणि पाहुण्यासारखी मान डावी-उजवीकडे वळवत. जिथवर नजर जाई तिथवर चुना. झाडांच्या बुंध्यांना गेरू लागे तो रस्त्याकडच्या अंगालाच, मागचं अंग झाडाने आपलं आपण बघावं. बंद पडलेली मशिनं पुसून लख्ख होत आणि प्रत्येक मशिनसमोर एकेक गडी हातात पाना देऊन उभा केला जाई. साहेब गेले की पाने स्टोअरमध्ये परत.

यात लबाडी आहे असं त्यांना कधी वाटलं नाही. "चुना मोजका असतो आणि साहेबाची नजरही मोजकी असते," ते म्हणत. "दोन्हींचा मेळ घालायचा. बाकी मॅनेजमेंट म्हणजे दुसरं काय असतं?" यावर त्यांना बढती मिळाली, त्यामुळे त्यांचं चुकत होतं असं कोणत्या तोंडाने म्हणावं?

निवृत्तीनंतर त्यांनी भोपाळच्या अवधपुरीत घर बांधलं, आणि ही विद्या पडून राहिली. घरी येणारे पाहुणे म्हणजे नागपूरचे नातेवाईक. ते सरळ स्वयंपाकघरात घुसतात, त्यांना मार्ग आखून देता येत नाही.

घरासमोर त्यांची जुनी बदामी फियाट उभी असे. तिचं इंजिन अजून एका दमात सुरू होई, रंगही मध्यंतरी नवा मारून घेतला होता. पण गाडीवरचं जे काही चमकायला म्हणून लावलेलं असतं, ते सगळं मेलं होतं. बाजूने दारांवरून मागच्या दिव्यापर्यंत गेलेल्या पट्ट्यांवर पांढुरका थर बसला होता. बंपरवर तपकिरी ठिपके उठले होते, आणि समोरची जाळी चहाच्या जुन्या गाळणीसारखी दिसत होती. नव्या रंगामुळे हे सगळं आणखीच डोळ्यांत भरे.

अर्थात, ते कोणी बघत नव्हतं, म्हणून नीळकंठरावांनाही दिसत नव्हतं. दिसू लागलं ते रत्नप्रभाबाईंचा सत्कार ठरला तेव्हा.

रत्नप्रभाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, दर रविवारी सकाळी घरी मराठीचा वर्ग घेत. फुकट. भोपाळला बदलून आलेल्या मराठी घरांतली मुलं शाळेत हिंदी, टीव्हीवर हिंदी, आणि आईशी भांडतानाही हिंदीच. ती रत्नप्रभाबाईंकडे येत, चटईवर बसत, बाराखडी गिरवत, गोष्टी ऐकत आणि लाडू खात. सुरुवातीला तर मुलं आपणहून येतही नसत. बाई त्यांना फियाटमधून गोळा करत फिरायच्या. नीळकंठराव गाडी चालवायचे, बाई डाव्या हाताला बसायच्या, आणि मागच्या सीटवर पोरं कोंबलेली असायची. त्यातली काही आता स्वतःची पोरं घेऊन वर्गाला येत होती.

इतकी वर्षं हे काम चाललं आणि भोपाळच्या मराठी मंडळाला त्याची आठवण झाली या वर्षी. मंडळाचा सचिव अच्युत एका संध्याकाळी पेढे घेऊन आला. पाडव्याला कोटऱ्याच्या गणपती मंदिरापासून मंडळाच्या सभागृहापर्यंत शोभायात्रा निघणार होती, पुढे लेझीम आणि मागे सत्कारमूर्ती, म्हणजे रत्नप्रभाबाई.

"काकू, तुमच्यासाठी ओपन जीप सांगितली आहे," अच्युत म्हणाला. "फुलांनी एकदम सजवून टाकू. तुम्ही फक्त उभं राहून असा हात हलवायचा."

"हात हलवत जायला मी काय निवडणुकीला उभी आहे?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "मी आमच्या गाडीतून येईन. मुलांना ज्या गाडीतून आणलं त्याच गाडीतून."

अच्युतने फाटकाबाहेर नजर टाकली. "गाडी आपली चांगलीच आहे, काकू. पण शोभायात्रा म्हटल्यावर थोडी शोभा तो चाहिए ना. ते बंपर वगैरे बघा की. चीफ गेस्ट बसलेले असतात मंचावर."

शेवटी असं ठरलं की अच्युत आठवडाभर आधी येऊन गाडी बघून जाईल. पटली तर फियाट, नाहीतर जीप. तो गेल्यावर रत्नप्रभाबाईंनी पेढ्यांचा पुडा न उघडताच बाजूला सारला.

"अहो, मला त्या जीपमध्ये नका बसवू," त्या म्हणाल्या. "तसं असलं तर मी सत्कारालाच जाणार नाही."

बायकोने आपल्याकडे काही मागितल्याचं नीळकंठरावांना लवकर आठवेना. त्यांना भरून आलं. इतकी वर्षं ही बाई राबली, तिला एक दिवस मानाचा मिळतोय, आणि तो आपल्या गाडीच्या मळक्या पट्ट्यांमुळे अडावा, हे त्यांना सहन होईना. "तू बघच," ते म्हणाले. "अशी चमकवतो गाडी की सगळ्या भोपाळने बघत राहिलं पाहिजे."

पहिलं वाक्य बोलून ते थांबले असते तर फार बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गोविंदरावांना बोलावलं. गोविंदराव त्यांच्याच कारखान्यातले, मिसरोदला राहणारे, धातूंवर मुलामा चढवण्याच्या खात्यातून निवृत्त झालेले. ते गाडीभोवती फिरले, पट्टीवर नख ओढलं, बंपरला जीभ लावायचं तेवढं बाकी ठेवलं आणि म्हणाले, "बंपर क्रोमचा आहे. पोळ्या गुंडाळायची फॉइल असते ना, तिचा बोळा पाण्यात बुडवून घासा, गंज निघेल. पट्ट्या ॲल्युमिनियमच्या आहेत, त्यांना पॉलिशची पेस्ट लागेल. रंगाला लागू नये म्हणून आधी कडेने कागदी टेप मारा. आणि मग घासत बसा. दुसरा इलाज नाही."

"किती वेळ लागेल?"

"हात दुखेपर्यंत. त्यानंतर पुन्हा तेवढाच."

नीळकंठरावांनी उजव्या बाजूच्या पुढच्या दारापासून सुरुवात केली. चिंधीवर पेस्ट घेतली, पट्टीच्या लांबीने मागे-पुढे हात चालवला. चिंधी काळीकुट्ट झाली. दुसरी घेतली, तीही काळी झाली. सकाळ संपत आली, खांदा भरून आला, उन्हाने डोकं तापलं, आणि तेव्हा कुठे वितीएवढ्या पट्टीत त्यांना स्वतःची मिशी दिसली. मिशी पाहून आनंद झाला. मग त्यांनी मान वर करून उरलेल्या गाडीकडे पाहिलं, आणि आनंद ओसरला. मागचं दार, पुढचा-मागचा बंपर, जाळी, काचांच्या कडा, चाकांवरच्या वाट्या, आणि हे सगळं पलीकडच्या बाजूला पुन्हा.

अशा वेळी साधा माणूस काय करतो? शेजारच्या दोन पोरांना हाताशी घेतो, किंवा अच्युतला दिवस वाढवून मागतो, नाहीतर गपचूप घासतो. नीळकंठराव साधे नव्हते. त्यांनी स्कूटर काढली, गोविंदरावांना मागे बसवलं आणि शोभायात्रेचा मार्ग पाहायला कोटऱ्याला गेले. मंदिरापासून सभागृहापर्यंत ते सावकाश स्कूटर चालवत गेले, पाहुण्यासारखी मान वळवत. सभागृहासमोरच्या मैदानात मंच उभारायचं काम सुरू होतं.

"मंच कुठे येणार?" त्यांनी बांबू बांधणाऱ्याला विचारलं.

"इधर, सर. सीधे हाथ पे."

म्हणजे उजवीकडे. डावीकडे सभागृहाची भिंत आणि चपला काढायची जागा. नीळकंठरावांच्या चेहऱ्यावर कित्येक वर्षांनी जुनं तेज आलं.

"गोविंदा, अर्धं काम वाचलं," ते म्हणाले. "चीफ गेस्ट उजवीकडे, कॅमेरा उजवीकडे, सगळं पब्लिक उजवीकडे. आपण मंचाकडची बाजू करू."

"आणि दुसरी?"

"ती कोण बघतंय?"

गोविंदरावांनी तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. नोकरीत ते नीळकंठरावांच्या हाताखाली होते, आणि तोंड मिटायची सवय पेन्शनबरोबर सुटत नाही.

त्यानंतरचं काम मात्र नीळकंठरावांनी जीव ओतून केलं, हे मान्य करायलाच हवं. उजव्या बाजूची एकेक पट्टी त्यांनी आरशासारखी केली, वर मेणाचा हात दिला. चाकांच्या वाट्या काढून मांडीवर घेऊन घासल्या. समोरच्या बंपरच्या आणि जाळीच्या बाबतीत पेच पडला, कारण समोर ना डावं ना उजवं. त्यांनी मंचाच्या उंचीवरून नजर कुठे पोचेल याचा अंदाज घेतला, जाळीच्या बरोबर मध्यावर टेप चिकटवला आणि अर्धीच जाळी उजळली. अगदी समोर लेझीमवाली पोरं असणार होती, आणि त्यांची गाडीकडे पाठ असणार होती. गाडी नाकासमोरून पाहिली तर अर्धशिशी झालेल्या माणसासारखी दिसे. पण नाकासमोरून ती पाहायला फक्त शेजाऱ्यांचा कुत्रा येई.

रत्नप्रभाबाई त्या दिवसांत मुलांचं स्वागतगीत बसवण्यात गुंतल्या होत्या. नवरा सकाळपासून बाहेर घासतोय, आत येतो तेव्हा त्याची बोटं काळी असतात, जेवताना हात उचलवत नाही, हे त्यांना दिसत होतं. त्यांनी एकदा गुपचूप त्याच्या खांद्याला तेल चोळून दिलं. वर्गातल्या मुलांनाही त्यांनी अभिमानाने सांगितलं, "आजोबा माझ्यासाठी गाडी चमकवतायत."

अच्युत गाडी बघायला आला तेव्हा ती डाव्या अंगाने कुंपणाच्या भिंतीला अशी चिकटून उभी होती की मध्ये पोस्टकार्ड सरकलं नसतं. नीळकंठरावांनी त्याला आधी खुर्ची दिली. खुर्ची कुठे ठेवायची हे सकाळीच ठरलेलं होतं. अच्युतने खुर्चीतून पाहिलं आणि तो उठून उभा राहिला.

"क्या बात है, काका! शोरूममधून काढल्यासारखी दिसते आहे!" तो जरा वाकून समोर जायला निघाला.

"चहा निवतोय," नीळकंठराव म्हणाले.

अच्युतने चहा घेतला, जीप रद्द केल्याचा फोन तिथूनच लावला, आणि गेला. इन्स्पेक्शन निर्विघ्न पार पडलं. नीळकंठरावांना त्या दिवशी तरुण झाल्यासारखं वाटलं.

पाडव्याच्या सकाळी त्यांनी गाडी भिंतीपासून काढून फाटकासमोर आणली. रत्नप्रभाबाई जांभळी पैठणी, नथ, दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या अशा बाहेर आल्या. नेहमीच्या जागेवर बसायला म्हणून डाव्या दाराशी गेल्या आणि हँडलला हात लावून थांबल्या. दारावरची पट्टी होती तशीच होती. बंपरवर ठिपके होते. जाळीच्या मध्यावर टेपची एक चिंधी अजून लोंबत होती.

"अहो, ही बाजू राहिली का?"

"राहिली नाही, सोडली," नीळकंठराव उत्साहाने म्हणाले. "मंच उजवीकडे आहे. मी जाऊन बघून आलोय. इकडून कोणी बघत नाही."

रत्नप्रभाबाईंनी एकदा पट्टीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. "बरं," म्हणाल्या, आणि आत बसून त्यांनी दार ओढून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झालेल्या नवऱ्याला बायकोच्या 'बरं'चा अर्थ लागायला हवा. पण नीळकंठराव आरसा पुसत होते.

शोभायात्रा छानच निघाली. लेझीम, ढोल, फेटे बांधलेल्या मुली, आणि सगळ्यांच्या मागे चालण्याच्या वेगाने फियाट. नीळकंठराव दोन्ही हातांनी चाक धरून ताठ बसले होते. सभागृहाचं मैदान आलं, उजवीकडे मंच दिसला, आणि त्यांनी गाडी अशा बेताने वळवली की ऊन पट्ट्यांवरून सळसळत मागे गेलं. हा क्षण त्यांनी मनात कितीदा तरी पाहिला होता. त्यांनी मंचाकडे नजर टाकली.

मंचावर चीफ गेस्ट फोनवर बोलत होते, पाठ फिरवून. बाकीच्या खुर्च्या रिकाम्या होत्या. पलीकडे पब्लिकही नव्हतं. सगळी माणसं मैदान ओलांडून गाडीच्या डाव्या बाजूला धावत होती, कारण ज्यांचा सत्कार होता त्या डावीकडे बसल्या होत्या. मंडळाच्या कमलिनीबाई ओवाळायचं तबक घेऊन तिकडेच. वर्गातली पोरं, त्यांच्या आया, एकेकाळी मागच्या सीटवर कोंबून आणलेले बाप्ये, फुलं, रांगोळी, सगळं तिकडेच. साहेबांच्या व्हिजिटींत सारी हयात गेलेल्या या माणसाला एवढं सुचलं नव्हतं, की या वेळचा पाहुणा मंचावर नाही, आपल्या शेजारी बसलाय.

"आजी, तुमच्या साइडची पट्टी तो मळकीच आहे!" एक चिमुरडी मोठ्याने म्हणाली, आणि काही लोक हसले.

आता तरी त्यांनी गप्प बसायचं! पण डाग दिसला की पाहुण्याला दुसरीकडे वळवायचं, हे त्यांच्या हाडीमाशी खिळलं होतं. ते दार उघडून बाहेर पडले आणि फोटोग्राफरला हात करून ओरडले, "इकडून! फोटो इकडून घ्या!" अच्युतने डाव्या बाजूची दशा तेवढ्यात पाहिली होती. वार्तांकनाला आलेल्या पोराचा दंड धरून तोही ओरडू लागला, "उधर से, उधर से लो! उजेड तिकडे चांगला आहे!" फोटोग्राफर धावत वळसा घालून आले. नीळकंठराव दाराशी उभे राहिले, अच्युत त्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिला, आणि खाली पट्ट्या लखलखत होत्या. फोटो भराभर निघाले. पलीकडे रत्नप्रभाबाईंना कोणी ओवाळलं, त्या कधी उतरल्या, मुलांनी गाणं म्हटलं तेव्हा त्यांनी पदर डोळ्यांना लावला का, हे नीळकंठरावांनी पाहिलं नाही. ते फोटोत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो आले. नीळकंठरावांनी चष्मा लावून पहिलाच फोटो उघडला. खाली लिहिलं होतं: 'सत्कारमूर्ती सौ. रत्नप्रभा पिंपळापुरे यांचे आगमन.' फोटोत ते होते, अच्युत होता, आणि त्या दोघांच्या बाजूला पट्टी अशी झळकत होती की डोळे दिपावेत.

"बघू," म्हणत रत्नप्रभाबाईंनी फोन घेतला. दोन बोटांनी फोटो मोठा केला, इकडे सरकवला, तिकडे सरकवला. पुढचा पाहिला. त्याच्या पुढचा पाहिला. मग पुन्हा पहिल्यावर आल्या.

"ही मी का?"

नीळकंठराव वाकून पाहू लागले. गाडीच्या खिडकीतून आरपार, पलीकडच्या गर्दीत, कोपरापासून खालचा एक हात दिसत होता. हिरव्या बांगड्या.

"हो," ते म्हणाले. "तूच."

"बांगड्या छान दिसतायत," रत्नप्रभाबाई म्हणाल्या आणि फोन परत देऊन चहा टाकायला गेल्या. आवाजात राग नव्हता. राग असता तर नीळकंठरावांना बरं वाटलं असतं. रागाला काहीतरी उत्तर देता येतं. त्यांनी पुन्हा फोटो पाहिला. आपण मूर्ख आहोत, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

ते उठले. गाडी भिंतीपासून दूर उभी होती. त्यांनी डाव्या दारापाशी पाट टाकला, टेप मारला, चिंधीवर पेस्ट घेतली आणि घासायला लागले. चिंधी काळी झाली. त्यांनी दुसरी घेतली.

रत्नप्रभाबाई चहाचा कप घेऊन बाहेर आल्या.

"आता कोण येणार आहे?"

"कोणी नाही."

"मग?"

नीळकंठरावांचा हात थांबला. कोणी बघणार नसताना एखादी गोष्ट का चमकवायची, याचं उत्तर त्यांना नोकरीत कधी द्यावं लागलं नव्हतं. त्यांनी चिंधीची घडी उलटी केली. "इकडे तू बसतेस," ते शेवटी म्हणाले.

"हे आज कळलं?"

त्यांनी मान हलवली. रत्नप्रभाबाईंनी दार उघडलं, आपल्या जागेवर बसल्या, पाय बाहेर सोडले आणि सावकाश चहा प्यायला लागल्या. दार उघडं राहिल्याने ते हेलकावत होतं आणि पट्टीवर हात बसत नव्हता. पण जरा दार लाव, असं म्हणायची नीळकंठरावांची हिंमत झाली नाही. त्यांनी डाव्या हाताने दार धरून ठेवलं आणि उजव्या हाताने घासत राहिले.